भेडाघाट, आठव्यांदा

इंदूबाई खडतकर भेडाघाटला सात वेळा जाऊन आल्या होत्या आणि भेडाघाट त्यांनी एकदाही पाहिलेला नव्हता. हे मला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्यांच्याच तोंडून ऐकून मी भेडाघाटवर एक अख्खं पत्रक लिहिलं होतं आणि त्याच्या पाचशे प्रती महालातल्या छापखान्यातून सुतळीनं बांधून आल्या होत्या.

तेव्हा, म्हणजे त्र्याहत्तर साली, मी हुडकेश्वरला त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. हुडकेश्वर नागपुरात आहे असं त्या वेळी फक्त हुडकेश्वरचे लोक म्हणत. रामदासपेठेतल्या एका वकिलाकडे मी टायपिस्ट होतो. सायकलवर जायला पाऊण तास लागे आणि वकीलसाहेब रोज विचारत, "आज कोणत्या गावाहून आलात?" उमरेडच्या शाळेत निबंधात माझा पहिला नंबर येत असे. ही माहिती मी नागपुरात आल्यावर जितक्यांना दिली, त्यांपैकी एकट्या भैयाजींनी ती मनावर घेतली आणि पत्रकाचं काम माझ्या गळ्यात घातलं.

भैयाजींचं महालात बिछायत केंद्र होतं. मांडव, सतरंज्या, गंज, कढया, पराती, लग्नाला लागेल ते सगळं तिथे भाड्यानं मिळे. पौषात लग्नं नसतात, भांडी पालथी पडून राहतात, आणि भैयाजींना पालथं भांडं पाहवत नसे. म्हणून दर पौषात ते एक बस ठरवत, पन्नास माणसं जमवत आणि जबलपूरजवळ भेडाघाटला सहल नेत. शनिवारी पहाटे निघायचं, संध्याकाळी तिथल्या धर्मशाळेत उतरायचं. रविवारी सकाळी धुआंधार धबधबा, मग चौसष्ट योगिनींचं देऊळ, मग पंचवटी घाटावरून नावेनं नर्मदेच्या त्या संगमरवरी घळईत. परतल्यावर घाटावरच जेवण आणि चार वाजता बस नागपूरकडे. जेवणात रोडगे, वांग्याची भाजी, वरण. लोक घळईचे कडे पाहायला येतात की रोडगे खायला, यावर भैयाजींचं मत पक्कं होतं.

"गोटे पाहून पोट भरते का गा?" ते म्हणत.

रोडगे इंदूबाईंचे असत. रोडगा म्हणजे कणकेचा मुठीएवढा गोळा, आत तेलाचे पदर घालून वळलेला. तो गोवऱ्यांच्या विस्तवावर फिरवत फिरवत भाजायचा, मग गरम राखेत पुरायचा, आणि शिजला की काढून, झटकून, फोडून वर तूप ओतायचं. वाचायला सोपं आहे. पण पन्नास माणसांचे दीडशे रोडगे भाजणाऱ्या बाईला मान वर करायला फुरसत नसते. बस घाटावर पोचली की माणसं नावांत बसत आणि इंदूबाई गोवऱ्या रचत. नावा परतत तेव्हा पहिला रोडगा फुटत असे. त्यांच्या जागेवरून घाटाच्या पायऱ्या दिसत, पाणी दिसे, आणि नावा एका पांढऱ्या खडकाला वळसा घालून नाहीशा होत तेवढं दिसे. त्या खडकापलीकडचं त्यांनी विचारून विचारून गोळा केलं होतं.

विचारायची त्यांची रीत होती. पंगतीत वाढताना एका माणसाला एकच प्रश्न. जास्त विचारलं तर माणूस जेवणावरून लक्ष काढत नाही आणि 'मस्त होतं' म्हणून मोकळा होतो. पाण्याचा रंग कोणता, हे त्यांनी दोन सहली विचारलं. कोणी हिरवा सांगे, कोणी काळा, एक रेल्वेतले गृहस्थ निळ्यावर अडून बसले. तिसऱ्या वर्षी बाईंनी प्रत्येकाला आधी विचारलं की नावेत कोणत्या बाजूला बसला होता, तेव्हा उलगडा झाला. उन्हाच्या अंगाला बसलेल्याला हिरवं दिसतं, कड्याच्या सावलीकडे बसलेल्याला काळं. रेल्वेतल्या गृहस्थांनी निळा गॉगल लावला होता. योगिनी चौसष्ट, असं सगळे सांगत, कारण देवळाच्या नावातच आकडा आहे. पण एका कंपाउंडरनं गोलाकार ओवरीतल्या मूर्ती बोटानं मोजल्या होत्या आणि त्या एक्याऐंशी भरल्या होत्या. बाईंनी एक्याऐंशी धरल्या. "त्यानं मोजल्या, बाकीच्यायनं ऐकल्या," त्या म्हणाल्या होत्या.

तेव्हा मी पत्रकात काय नाही लिहिलं? बंदरकूदनी लिहिली, जिथे दोन्हीकडचे कडे इतके जवळ येतात की पूर्वी माकडं या तीरावरून त्या तीरावर उडी मारत, असं नावाडी सांगतात. कड्यांवर लोंबणारी आग्या मोहळं लिहिली. गोंडांची राणी दुर्गावती त्या देवळात दर्शनाला येत असे अशी तिकडे सांगतात ती कथा लिहिली आणि योगिनींची फुटलेली नाकंही लिहिली. नोव्हेंबरात गठ्ठा आला तसा मी एक पत्रक काढून ओट्यावर बाईंना वाचून दाखवलं. आत गोविंदाजी, म्हणजे त्यांचे यजमान, हातमागावर बसले होते. त्यांचा खटखट आवाज माझ्या वाचनाला साथ करत होता.

"कसं वाटलं, मावशी? डोळ्यांसमोर उभं राहतं की नाही?"

"माह्या तं डोळ्यासमोर राह्यतेच. पण खरं तसंच हाये का, मले काय मालूम."

"म्हणजे?"

"म्हणजे म्या कुठं पाह्यलं, बापू."

मी पत्रकाकडे पाहिलं. त्यात पहिल्याच ओळीत 'प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या अनुभवातून' असं छापलेलं होतं. ते माझं वाक्य होतं आणि मला फार आवडलं होतं.

आतला खटखट आवाज थांबला. "त्याच्यात पाह्यासारखं का हाये वं?" गोविंदाजी म्हणाले. "पाणी नं गोटे. आपल्या विहिरीत दोन्ही हाये."

"मंग तुमी विहीर पाहा," बाई म्हणाल्या. "मी यंदा नावेत बसीन."

त्यांनी हे काही आवाज चढवून म्हटलं नाही. उद्या दळण टाकीन म्हणावं तसं म्हटलं. पुढचे अडीच महिने हुडकेश्वरच्या त्या घरात जे काही चाललं ते या एका वाक्यामुळे.

दुसऱ्याच दिवशी त्या भैयाजींकडे गेल्या. मीही होतो, पत्रकांचा गठ्ठा घेऊन. भैयाजी गादीवर बसून सुपारी कातरत होते.

"तुमी नावेत बसल्या तं रोडगे कोण पाहीन?"

"एक दिस पुऱ्या करू."

भैयाजींनी अडकित्ता खाली ठेवला. "नागपूरचा माणूस पावणेदोनशे मैल बशीत हाडं मोडून घेईन आणि नर्मदेच्या काठी बसून पुरी खाईन? लोक मले बसच्या टपावर बांधून आणतीन, बाई."

"तेही खरं हाये," बाई म्हणाल्या. त्यांनाही पुऱ्या पटलेल्या नव्हत्याच.

"दुसरी बाई ठेवतो तासाभराले. बायजाबाईले विचारू?"

"माह्या विस्तवात दुसऱ्याचा हात नाही चालत."

इथे भैयाजी हसले, कारण अडचण आता त्यांची राहिली नव्हती. "मंग असं करा. नाव काठाले लागली की मले गरम रोडगा पाहिजे ताटात. बाकी तुमी नावेत बसा, नाही तं इमानात बसा."

"ठरलं," बाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं की दुसऱ्या बाईला हात लावू दिला असता तर काम पाच मिनिटांत झालं असतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी सायकलची हवा तपासायला लागलो.

त्यांचं गणित असं होतं. रोडग्याला दोन कामं असतात, भाजणं आणि पुरणं. भाजताना हात हलवत राहावा लागतो, पुरल्यावर नाही. पण पुरलेला रोडगा अर्ध्या तासात शिजतो आणि मग जळायला लागतो. नावेचा फेरा किती वेळाचा, हे जाऊन आलेल्यांपैकी कोणाला धड सांगता आलं नसतं. बाईंना माहीत होतं, कारण सात वर्षं काठावर बसून वाट त्यांनीच पाहिली होती. "नाव गेली का मी वरणाची डाळ टाकतो. डाळ घोटून होते, तवा नाव दिसते." आम्ही हुडकेश्वरच्या अंगणात तशीच चूल मांडली, तेवढीच डाळ टाकली आणि मी घड्याळ लावून बसलो. पंचावन्न मिनिटं. म्हणजे पंचावन्न मिनिटं हात न लावता राखेत राहील आणि जळणार नाही असा रोडगा पाहिजे.

दर रविवारी पाच रोडगे पुरले जात. पुरताना बाई, वेळ सांगायला मी आणि खायलाही मीच. गोविंदाजींनी पहिल्याच रविवारी एक चावून पाहिला आणि आपल्याला दातदुखी असल्याचं जाहीर केलं. त्या रोडग्यानं आमच्याकडल्या कुत्र्याला हाकलता आलं असतं. दुसऱ्या रविवारचे बाहेरून सुंदर आणि आतून कच्ची कणीक होते. तिसऱ्या रविवारी बाईंनी राख कमी केली, चौथ्या रविवारी वाढवली, पाचव्या रविवारी खड्ड्याला कडेनं ओल्या मातीची पाळ घातली. मी सोमवारी ऑफिसात पोटावर हात ठेवून टाईप करत असे. एकदा मी सुचवलं की पळसाच्या पानात गुंडाळून पाहावेत.

"त्याले पानगे म्हणते," बाई म्हणाल्या. "भैयाजीनं रोडगे म्हटलं हाये."

सहाव्या रविवारी जमलं. खाली विस्तव, त्यावर चार बोटं थंड राख, मग रोडगे, पुन्हा चार बोटं राख आणि सगळ्यांत वर निखाऱ्यांचा पातळ थर. छप्पन्नाव्या मिनिटाला बाईंनी पहिला काढून फोडला. आतून वाफ आली. मी दोन खाल्ले, तिसरा मागितला. सातव्या रविवारी त्यांनी मुद्दाम ते जास्त वेळ ठेवले, किती सहन होतं ते पाहायला. तासापर्यंत ठीक. तासाच्या पुढे वरचा पापुद्रा काळा व्हायला लागला, सत्तराव्या मिनिटाला बोटभर कोळसा.

"एक तास," बाई मला म्हणाल्या. "ध्यानात ठेव. त्याच्यावर गेलं तं माहं नाव गेलं."

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी, बस भेडाघाटच्या धर्मशाळेसमोर उभी असताना आणि बाकी सगळे पांघरुणात असताना, इंदूबाई गोवऱ्यांचं पोतं डोक्यावर घेऊन पायी घाटाकडे निघाल्या. सकाळचे पोहे धर्मशाळेच्या आचाऱ्यावर सोपवले होते. कणकेची परात ड्रायव्हर लहानू पोचवून आला. वाटेत धुआंधारचा आवाज येत होता, पण तो पाहायला त्या वळल्या नाहीत. देवळाच्या पायऱ्याही त्यांनी उजव्या हाताला सोडल्या. एका दिवशी एकच गोष्ट पाहायची त्यांनी ठरवली होती.

आम्ही सगळं पाहून अकराच्या सुमारास घाटावर पोचलो, तेव्हा वरण-भाजीचे गंज झाकून ठेवलेले होते, दीडशे रोडगे भाजून राखेखाली गेले होते आणि वर निखारे पसरलेले होते. बाई पदरानं तोंड पुसत होत्या. लहानूला त्यांनी ढिगाजवळ काठी देऊन बसवलं.

"हात लावायचा नाही. फक्त कुत्रे हाकलायचे."

"आणि माकडं?"

"तेही कुत्रेच समज."

लहानू गाडी चालवत असेल तेवढाच वेळ जागा असतो, अशी त्याची ख्याती होती. पण काठी त्यानं घट्ट धरली. मी घड्याळात पाहिलं. अकरा वाजून पाच मिनिटं.

आमच्या नावेचा मुख्य नावाडी ओमप्रकाश नावाचा, तिशीतला, मिशा राखलेला माणूस होता. तो आधी प्रत्येकाच्या खिशाकडे पाहून विड्या-सिगरेटी विझवायला लावत होता. पायरीवर उभं राहून त्यानं वर बोट दाखवलं. तिथे कड्याला काळी मोहळं लोंबत होती. धुरानं मधमाशी उठते, आणि घळईत माशी उठली तर पळायला जागा नसते, एवढंच तो म्हणाला. भैयाजींनी तोंडातली विडी पायरीवर चिरडली. मग बाई नावेकडे आल्या आणि ओमप्रकाशनं नाक वर केलं.

"माई, आप नहीं."

"काहून?"

"आप से तो चूल्हे का धुआँ महक रहा है. बीड़ी वाले को नहीं ले जाते, आप तो पूरी भट्टी हो."

नावेत बसलेले लोक थोडे सरकले. आमच्याबरोबर कुसुमताई नावाच्या एक प्राथमिक शाळेच्या शिक्षिका पहिल्यांदाच आल्या होत्या. त्यांच्या हातात माझं पत्रक होतं. त्या म्हणाल्या, "अहो, पण त्यांनाच तर सगळं माहीत आहे."

भैयाजींना मात्र हे बरंच सोयीचं वाटलं असावं. "राहू द्या, बाई," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "पुढच्या साली पाहू. तो बी खरं सांगून राहिला. पन्नास माणसायचा प्रश्न हाये."

इंदूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्या ओमप्रकाशशी त्यांच्या नागपुरी हिंदीत बोलल्या. "नहा के आई तो चलेगा?"

"नहा के आओगी तो काहे नहीं चलेगा."

त्या पायऱ्या उतरल्या, लुगड्याचा काष्टा आवळला आणि अंगावरच्या कपड्यांनिशी नर्मदेत गेल्या. जानेवारीचं पाणी. काठावरच्या माणसाचंही अंग शहारलं. भैयाजी निमोनिया, डॉक्टर आणि बाईच्या घरच्यांना काय सांगायचं अशा तीन विषयांवर बोलत राहिले. बाई तीन बुड्या मारून वर आल्या आणि ओमप्रकाशसमोर उभ्या राहिल्या.

"आता घ्या वास."

ओमप्रकाश इतका अवघडला की त्यानं दोन हातांवरूनच नाक पुढे केलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "बालों में है, माई."

बाई परत गेल्या. अंबाडा सोडला, काठावरची ओली माती केसांना चोळली, धुतली, पुन्हा चोळली. आम्ही सगळे बघत होतो आणि दुसरी नाव आमच्या आधी निघून गेली. त्या परत आल्या तेव्हा त्यांचे दात वाजत होते. ओमप्रकाशनं वास घेतला नाही. त्यानं हात पुढे केला आणि त्यांना नावेत घेतलं.

बसायच्या आधी त्यांनी मला विचारलं, "बापू, किती झाले?"

"एकवीस मिनिटं."

एकवीस आणि पंचावन्न ही बेरीज करायला त्यांना घड्याळ लागत नव्हतं. त्या वळून वर बघत राहिल्या. पायऱ्यांच्या माथ्यावर राखेचा ढीग होता, शेजारी लहानू, त्याच्या मांडीवर काठी. अजून वेळ होता. वर जाऊन निखारे बाजूला केले असते तर सगळे रोडगे वाचले असते. नाव मात्र थांबली नसती. लोक आधीच कुरकुरायला लागले होते. हे गणित नावेत मला आणि त्यांनाच माहीत होतं. मी म्हटलं, "मावशी, माझं काय, मी थांबतो काठावर. तुम्ही सांगा कसे काढायचे, मी काढतो."

"तुले नाही जमत," त्या म्हणाल्या. मग ओल्या पदराचं टोक पिळलं आणि ओमप्रकाशला म्हणाल्या, "चला."

नाव पांढऱ्या खडकाला वळसा घालून आत शिरली.

त्या घळईबद्दल मी पत्रकात जे लिहिलं होतं ते खोटं नव्हतं. पण बाई समोरच्या फळीवर बसल्या होत्या आणि मी त्यांचा चेहरा पाहत होतो, म्हणून मला कळलं की मी काय काय लिहिलं नव्हतं. वल्ह्याचं पाणी पाण्यात पडलं तरी त्याचा आवाज दोन्ही कड्यांवरून परत येतो, हे कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. मागे पाहिलं तर आलो ती वाट बंद झालेली दिसते आणि पुढेही रस्ता दिसत नाही, हेही नाही. कडे पांढरे म्हणून सांगितले होते, पण पांढऱ्यात पिवळसर, गुलाबी, राखी, आणि एका ठिकाणी तव्यासारखा काळा पट्टा होता. बाई त्या पट्ट्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. कुसुमताईंनी स्वतःची शाल काढून त्यांच्या खांद्यावर टाकली, तेव्हा त्यांचं लक्षही नव्हतं.

ओमप्रकाश नावाड्यांच्या रिवाजाप्रमाणे यमक जुळवून ओळी म्हणत होता, या खडकाला हत्ती म्हणा, त्या खडकाला मोटार म्हणा. लोक हसत होते. थोडं पुढे गेल्यावर बाई म्हणाल्या, "आता डाव्या हाताले बंदरकूदनी."

"दाहिने, माई," ओमप्रकाश म्हणाला.

बंदरकूदनी उजव्या वळणावर आली. बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा आमच्या नावेकडे. नावेत निम्मे लोक पुढे तोंड करून बसले होते आणि निम्मे मागे.

"असं हाये तं," त्या म्हणाल्या. "मागं तोंड करून बसणाऱ्यायनं मले सात वर्सं उलटं सांगतलं. बापू, तुह्या कागदात चुकलं हाये."

"पाचशे प्रती आहेत, मावशी."

"मंग पाचशे जागी चुकलं."

कुसुमताईंनी पिशवीतून पेन काढून आपल्या प्रतीत तिथल्या तिथे 'डावीकडे' खोडलं. शाळेतल्या बाईंनी माझी चूक काढल्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

पुढे घळई आणखी अरुंद झाली. प्रवाहाच्या उलट इथवर यायला चाळीस मिनिटं लागली होती, परतायला पंधरा पुरणार होती. पाणी हिरवं होतं, आणि आमच्या सावलीच्या बाजूला काळं. बाईंनी नावेच्या काठावर वाकून दोन्ही बाजू पाहिल्या आणि मान हलवली, म्हणजे ते बरोबर निघालं होतं. एका जागी ओमप्रकाशनं वल्हं आडवं धरलं आणि नाव फिरवायला लागला.

"बस, यहाँ से वापसी."

"रुको," बाई म्हणाल्या.

"माई, पीछे दूसरी नावें हैं. घाट पे सवारी खड़ी है."

"आठ साल रुकी मैं. तुम पाच मिनट रुको."

ओमप्रकाशनं मिशीवरून हात फिरवला. मग त्यानं वल्हं आत घेतलं, नाव कड्याच्या अंगाला लावली आणि खडकातल्या खोबणीत बोटं घालून ती धरून ठेवली. यमकं बंद झाली. फार वरून, मोहळांच्या पलीकडून, एक लांबलचक घोंघावणं येत होतं, आणि ते ऐकू येत होतं हे आम्हाला नाव थांबल्यावर कळलं. बाई मान वर करून बसल्या होत्या. केसांतून पाणी पाठीवर गळत होतं.

भैयाजींच्या पोटात कावळे ओरडायला लागले असावेत. ते हळूच म्हणाले, "बाई, रोडगे."

"जळून राहिले," बाई वरच पाहत म्हणाल्या.

"काय?"

"आतापावतो वरचा पापुद्रा गेला. थोड्या वेळानं बोटभर जाईन."

भैयाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं. बाईंचा अंदाज मिनिटाच्या आत बरोबर होता.

"आन् तुमी असं बसून सांगता?"

"मंग उभी राहून सांगू?" बाई म्हणाल्या. "नाव हालते, भैयाजी."

कोणीतरी मागे फिसकन हसलं. पाच मिनिटांची आठ झाली तरी ओमप्रकाशनं हात काढला नाही. शेवटी बाईच म्हणाल्या, "हां, आता फिरवा." परतताना त्या मागे तोंड करून बसल्या. निम्म्या लोकांनी जे पाहिलं तेही त्यांना पाहायचं होतं.

घाटाला लागलो तेव्हा साडेबारा वाजले होते. लहानू झोपला होता, काठी हातात, पण कुत्रं एकही फिरकलं नव्हतं. जळक्या रोडग्याच्या वासाला कुत्री येत नसावीत. बाई ओल्या लुगड्यानिशी पायऱ्या चढल्या, फावड्यानं निखारे ओढले, राख उकरली. पहिला रोडगा बाहेर आला तो डांबराचा गोळा वाटत होता. पन्नास माणसं ताटं घेऊन उभी होती आणि पन्नासच्या पन्नास त्या गोळ्याकडे पाहत होती.

बाईंनी तो दगडावर ठेवला आणि वरवंट्यानं एक ठोका दिला. वरचं काळं कवच दोन तुकडे होऊन पडलं. आत लिंबाएवढा गर राहिला होता, जरा कडक, पण शिजलेला. त्यांनी कवच बाजूला टाकलं आणि गर ताटात ठेवला.

"प्रत्येकी तीन होते, आता तीनचा दीड होईन," त्या म्हणाल्या. "वरण-भाजी पोटभर घ्या."

त्यांनी माफी मागितली नाही. मी त्यांना तीन वर्षं ओळखत होतो. भाजीत मीठ एक चिमूट जास्त झालं तर त्या आठवडाभर त्यावर बोलत. त्या दिवशी दीडशे ठोके त्यांनी एकामागून एक घातले, शांतपणे, आणि काळ्या कवचांचा ढीग राखेच्या ढिगापेक्षा मोठा झाला.

भैयाजी ताट घेऊन त्यांच्यासमोर आले. त्यांना बरंच काही बोलायचं होतं, पण पहिलं वाक्य निवडता येत नव्हतं.

"पुढच्या साली जेवण तीन वाजता," बाईंनीच सांगितलं. "नावेतून आली का मी विस्तव पेटवीन."

"लोक भुके राहतीन ना बाई तवावर."

"राहू द्या. पोहे जास्त करा."

"आन् चारची बस?"

"पाचची करा."

"लोक येणं बंद करतीन."

"मंग दुसरी बाई पाहा," इंदूबाई म्हणाल्या आणि पुढचा रोडगा दगडावर ठेवला. "पण मी आता काठावर नाही बसत."

ठोका पडला. कुसुमताईंनी ताट खाली ठेवलं आणि दोन रोडगे स्वतः उचलून दगडावर ठेवले. आता तुम्ही उठा, त्या म्हणाल्या, कपडे बदला आणि जेवायला बसा. बाईंनी वरवंटा सोडला नाही. उरलेले वीस-पंचवीस फोडूनच त्या उठल्या, बसमध्ये जाऊन कोरडं लुगडं नेसून आल्या आणि पंगतीत, अगदी टोकाला, लहानूच्या शेजारी बसल्या.

वाढायला कोणी उरलं नव्हतं. भैयाजींनी इकडेतिकडे पाहिलं, मग तुपाची बरणी स्वतःच उचलली आणि त्यांच्यापुढे येऊन वाकले.

"किती?"

"हात आखडू नका," इंदूबाई म्हणाल्या.